व्यायामाआधी लेझर घेतल्याने भाजलेल्या रुग्णाचा दमसास वाढतो का?

एका रुग्णाच्या घरून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाचं वय ३४. आठ महिन्यांपूर्वी आगीत दोन्ही मांड्या, पोटाचा पुढचा भाग आणि उजवा हात मिळून सुमारे ३५ टक्के अंग भाजलं. मांड्यांवर त्वचारोपण झालं. जखमा भरल्या आहेत, सांधे बऱ्यापैकी हलतात, पण एक जिना चढला की धाप लागते आणि पाय थरथरतात. फिजिओने व्यायामाआधी मांड्यांवर लो लेव्हल लेझर घ्यायला सुचवलं आहे. त्याने फिटनेस खरंच वाढेल का, आणि भाजलेल्या कातडीवर लेझर देणं सुरक्षित आहे का?

माझं उत्तर: उपयोग होऊ शकतो, पण तो छोटा असतो आणि सोबत नेमाने व्यायाम नसेल तर शून्य असतो. नुसत्या लेझरने कुणाचा दमसास वाढत नाही. त्याच्याकडून अपेक्षा इतकीच की स्नायू जरा उशिरा थकेल, एका सेटमध्ये एक-दोन रेप्स, म्हणजे त्याच हालचालीच्या आवृत्त्या, जास्त निघतील, दुसऱ्या दिवशीची ठणक कमी राहील आणि रुग्ण पुढच्या वेळी टाळाटाळ न करता येईल. हे जास्तीचं काम दहा-बारा आठवडे साठत गेलं तर फरक दिसतो. सुरक्षिततेचं म्हणाल तर कमी ताकदीचा लेझर मुळात सौम्य उपचार आहे. भाजलेल्या रुग्णात धोका असतो तो चुकीच्या यंत्राचा, चुकीच्या जागेचा आणि उघड्या डोळ्यांचा.

आधी कोणता लेझर ते नक्की करून घ्या, कारण भाजलेल्यांच्या उपचारात अगदी वेगवेगळ्या गोष्टींना सगळे सरसकट ‘लेझर’ म्हणतात. जाड, कडक झालेला व्रण मऊ करायला प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. तो व्रणात अतिशय बारीक भोकं पाडतो आणि त्याआधी बधिर करणारं क्रीम किंवा भूल लागते. व्रणाची लाली आणि खाज कमी करायला ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर असतो. या दोन्हींचा ‘व्यायामाआधी’ याच्याशी काही संबंध नाही. उलट फ्रॅक्शनल लेझर झाल्यावर कातडी भरून येईपर्यंत त्या भागावर घासणारा, घाम आणणारा व्यायाम थांबवावा लागतो. तुमच्या फिजिओने सांगितलेला लेझर तिसऱ्या जातीचा आहे. लाल, म्हणजे साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर, किंवा डोळ्याला न दिसणारा, ८०८ ते ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश. तो काही कापत नाही, जाळत नाही, बहुतेक वेळा उबही जाणवत नाही. त्याला आता फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात.

त्याची सुरुवात गमतीशीर आहे. पहिला लेझर १९६० साली तयार झाला. त्यानंतर बुडापेस्टचे डॉक्टर एन्द्रे मेस्टर रुबी लेझरने कॅन्सर होतो का हे पाहत होते आणि त्यासाठी त्यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर तो टाकला. कॅन्सर झाला नाही, पण लेझर पडलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. १९६७ च्या त्या निरीक्षणातून ही सगळी शाखा निघाली. स्नायू थकू नयेत म्हणून व्यायामाच्या आधी प्रकाश द्यायचा ही कल्पना मात्र बरीच अलीकडची. त्यावरचं बरंचसं काम ब्राझीलमध्ये झालं, आणि ते झालं खेळाडूंवर.

आता तुमचा भाऊ का दमतो ते. घरच्यांना वाटतं, इतके दिवस अंथरुणावर होता, अशक्तपणा आलाय, खाऊन-पिऊन जाईल. ते अर्धंच खरं आहे. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची चयापचयाची भट्टी पेटलेलीच राहते. विश्रांतीतही नाडी जलद, ऊर्जेचा खर्च जास्त, आणि त्या खर्चासाठी शरीर स्वतःचे स्नायू मोडून वापरतं. जखमा बंद झाल्या म्हणून हे थांबत नाही. गंभीर भाजलेल्या मुलांमध्ये हे बदल तीन वर्षांपर्यंत टिकलेले आढळले आहेत. शिवाय स्नायूंच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे भाग, गळके होतात. ऑक्सिजन खर्च होतो, पण त्यातली बरीच ऊर्जा कामाला न येता उष्णता बनून जाते. म्हणून एका जिन्यात पाय थरथरतात. यात आळस नाही आणि मनाचं दुबळेपणही नाही, हे भावाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

याच ठिकाणी लेझरवाल्यांचा युक्तिवाद सुरू होतो. लाल आणि अवरक्त प्रकाश मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइममध्ये शोषला जातो, त्याला चिकटून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, ऑक्सिजनचा वापर सुरळीत होतो आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जास्त तयार होतं. सगळ्यात मान्य असलेली मांडणी ही, पण एकमेव नाही. भाजलेल्यांच्या मायटोकॉन्ड्रियात बिघाड, लेझर मायटोकॉन्ड्रियावर काम करतो, म्हणजे जोडी जमली, असं वाटतं. मला हा उत्साह जरा घाईचा वाटतो. नळी फुटलेली असताना पंप जोरात चालवला म्हणून टाकी भरेलच असं नाही. गळका मायटोकॉन्ड्रिया जास्त ऑक्सिजन वापरू लागला तर त्यातून एटीपी किती आणि उष्णता किती, हा प्रश्न उरतोच. दमसास वाढवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग व्यायाम हाच आहे.

पुरावा काय म्हणतो? निरोगी माणसांवरच्या बऱ्याच चाचण्यांत व्यायामाआधी लेझर किंवा एलईडी घेतल्यावर थकेपर्यंतची रेप्स वाढली, रक्तातलं लॅक्टेट आणि क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंवरचा ताण आणि इजा दाखवणारी द्रव्यं, कमी राहिली. २०१६ च्या एका चाचणीत निरोगी पुरुषांना बारा आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. काहींना प्रकाश आधी, काहींना नंतर, काहींना दोन्ही वेळा आणि काहींना नुसता खोटा, म्हणजे यंत्र टेकवून प्रकाश न सोडलेला. ताकद सर्वात चांगली वाढली ती आधी घेणाऱ्यांची. ‘व्यायामाआधी’ या शब्दाला वजन आलं ते अशा चाचण्यांमुळे. दुसऱ्या बाजूला, काहीही फरक न दिसलेल्या चाचण्याही आहेत, आणि या क्षेत्रातल्या काही संशोधकांना यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांकडून मदत मिळते. ते तसं जाहीरही करतात. भाजलेल्या रुग्णांवरचं काम या मानाने थोडं आणि छोट्या गटांवरचं आहे. त्यामुळे कुणी ‘लेझरने फिटनेस अमुक टक्के वाढतो’ असं छातीठोकपणे सांगितलं तर तो आकडा धडधाकट खेळाडूच्या मांडीवरून उचललेला असण्याची शक्यता मोठी आहे.

खेळाडूच्या मांडीत आणि तुमच्या भावाच्या मांडीत फरक काय, इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्रकाशाला स्नायूपर्यंत पोचायचं असतं. वाटेत कातडी, चरबी आणि स्नायूवरचं आवरण लागतं, आणि धडधाकट माणसातही बहुतेक प्रकाश पहिल्या काही मिलिमीटरमध्येच विखुरतो किंवा शोषला जातो. भाजलेल्या मांडीवर ही वाट जागोजागी वेगळी असते. जाड, लाल, उठावदार व्रणात रक्तवाहिन्यांची दाटी असते, रक्त प्रकाश शोषतं, आणि खाली कोलॅजनच्या गच्च पट्ट्या असतात. तिथे दिलेल्या लेझरपैकी स्नायूला मिळणारा वाटा क्षुल्लक. काळपट पडलेल्या रोपणावर मेलॅनिन बराच प्रकाश वरच अडवतो आणि तेवढी कातडी तापते. याउलट खोल भाजलेल्या भागात सर्जनने चरबीसकट सगळं स्नायूच्या आवरणापर्यंत काढून त्यावर त्वचा लावली असेल, तर मधली चरबीच नसते. स्नायू अक्षरशः कातडीखाली असतो. तिथे प्रकाश सहज पोचतो, पण संवेदना जवळजवळ नसते. ऑपरेशनच्या कागदात ‘फेशियल एक्सिजन’ लिहिलंय का ते पाहा; त्याचा अर्थ स्नायूच्या आवरणापर्यंत सगळं काढणं, चेहऱ्याशी त्याचा संबंध नाही. फिजिओला ती एक ओळ यंत्राच्या पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी आहे.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. रुग्णाला पलंगावर बसवून मांडी पूर्ण उघडी करतो, चांगल्या उजेडात बघतो आणि बोटांनी चाचपतो. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूवर, म्हणजे क्वाड्रिसेप्सवर, साधारण सहा बिंदू घ्यायचे असतात: आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागावर प्रत्येकी दोन. पुस्तकातल्या आकृतीत हे बिंदू एकसारख्या अंतरावर असतात. भाजलेल्या मांडीवर ते तसे मिळत नाहीत. न भाजलेली कातडी असेल तिथे पहिली पसंती. ती नसेल तर सपाट, फिकट, पक्कं बसलेलं रोपण. ज्या भागातून रोपणासाठी कातडी काढली होती आणि तो आता पूर्ण भरलाय, तोही चालतो. लाल, फुगलेला, खाजणारा व्रण मी वगळतो. प्रयोगशाळेत याच प्रकाशाने, मात्रेनुसार, कोलॅजन बनवणाऱ्या पेशी कधी उत्तेजित होतात तर कधी दबतात, आणि वाढत्या व्रणावर तो जुगार खेळायची गरज नसते. सहा बिंदूंऐवजी चारच चांगले मिळाले तर चार. प्रोब, म्हणजे यंत्राचं प्रकाश सोडणारं टोक, कातडीला टेकवून, काटकोनात, हलका दाब देऊन धरायचा. अधांतरी धरला तर बराच प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. प्रेशर गारमेंटवरून, म्हणजे व्रण दाबून ठेवणाऱ्या घट्ट कपड्यावरून, तर अजिबात नाही.

अजून एक क्रम पाळावा लागतो, जो बऱ्याच ठिकाणी उलटा असतो. भाजलेल्या रुग्णाला व्यायामाआधी मॉइश्चरायझर लावून मालिश आणि ताण देणं गरजेचं असतं, नाहीतर गुडघ्यावरची आवळलेली कातडी खोल बसताना चिरते. पण क्रीमचा किंवा सिलिकॉन जेलचा थर असताना लेझर द्यायचा नाही. म्हणून आधी कातडी स्वच्छ आणि कोरडी, मग लेझर, मग क्रीम आणि स्ट्रेचिंग, मग प्रेशर गारमेंट पुन्हा चढवायचा आणि व्यायाम. प्रोबवर पातळ पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून ते दर रुग्णाला बदललं जातंय ना, तेही बघा. रोपणाच्या कातडीवर जंतुसंसर्ग परवडत नाही.

मात्रेचा हिशोब तुम्हीही करू शकता आणि तो जरूर करा. जूल म्हणजे वॅट गुणिले सेकंद. या कामासाठी अभ्यासकांनी सुचवलेली मात्रा मांडीसारख्या मोठ्या स्नायूगटाला एकूण ६० ते ३०० जूल, दंडासारख्या छोट्या गटाला २० ते ६० जूल, आणि एका डायोडची, म्हणजे प्रकाश सोडणाऱ्या एका ठिपक्याची, ताकद २०० मिलिवॅटपर्यंत. समजा फिजिओकडे १०० मिलिवॅटचा एकच प्रोब आहे. एका बिंदूवर ३० जूल द्यायचे तर ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. सहा बिंदूंना अर्धा तास. दोन मांड्यांना एक तास! इतका वेळ कुणी देत नाही. मग प्रत्यक्षात काय होतं, तर प्रत्येक बिंदूवर वीस-तीस सेकंद प्रोब टेकवला जातो, दोन-तीन जूल मिळतात आणि ‘लेझर दिला’ अशी नोंद होते. मांडीला मिळाले जेमतेम १२ ते १८ जूल. याला मी उपचार म्हणत नाही. तेच पाच डायोडचा, प्रत्येकी २०० मिलिवॅटचा क्लस्टर असेल तर एकूण १ वॅट. ३० जूलला ३० सेकंद, सहा बिंदूंना तीन मिनिटं, दोन्ही मांड्या सहा-सात मिनिटांत होतात. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘लेझर आहे का’ हा नाही, तर ‘एका बिंदूवर किती मिलिवॅट आणि किती सेकंद’ हा आहे. उत्तर ‘मशीन ऑटोमॅटिक आहे’ असं आलं तर पुन्हा विचारा.

जास्त दिला तर जास्त फायदा, असंही नाही. या प्रकाशाचा परिणाम एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि पुढे उलट कमी होतो, म्हणून ३०० जूलच्या वर जाण्यात अर्थ नाही.

वेळेचं सोपं आहे. व्यायामाच्या पाच मिनिटं आधीपासून सहा तास आधीपर्यंत कधीही चालतो. उंदरांवरच्या एका प्रयोगात प्रकाशानंतर सहा तासांनी थकवा सर्वात उशिरा आला होता, पण त्यासाठी रुग्णाला सकाळी लेझरला आणि दुपारी व्यायामाला अशा दोन फेऱ्या मारायला लावणं मला पटत नाही.

आता सावधगिरी. ५ ते ५०० मिलिवॅटचे लेझर धोक्याच्या वर्गवारीत ३बी वर्गात येतात, त्यापुढचे वर्ग ४ मध्ये. काही ठिकाणी वर्ग ४ ची अनेक वॅटची यंत्रंही याच नावाखाली वापरली जातात. ती कातडी तापवतात आणि ‘गरम लागलं तर सांगा’ या एका वाक्यावर त्यांची सुरक्षा उभी असते. रोपणाच्या कातडीला गरम लागल्याचं कळतच नाही. भावाच्या मांडीवर आधी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या टेकवून संवेदना तपासायला सांगा. फरक ओळखता आला नाही तर त्या जागी वर्ग ४ नको म्हणजे नको. एकदा भाजलेल्या माणसाला उपचारात पुन्हा चटका बसण्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

डोळ्यांचं तर आणखी. अवरक्त प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि तो थेट पडद्यावर एकवटतो. त्या तरंगलांबीसाठी बनवलेले गॉगल रुग्णाला आणि देणाऱ्याला, दोघांनाही हवेत. साधा काळा चष्मा चालत नाही. तुमच्या भावाचा चेहरा वाचला आहे हे बरं. चेहरा भाजलेल्यांमध्ये पापण्या ओढल्या जाऊन डोळा पूर्ण मिटत नाही आणि नाका-गालाच्या व्रणांमुळे गॉगलही नीट बसत नाही. अशांना लेझर देताना मी जास्त काटेकोर असतो.

जुन्या व्रणात महिनोन्महिने न भरणारं, कडा उचललेलं, सहज रक्त येणारं क्षत असेल तर तिथे प्रकाश नाही, आधी बायोप्सी. भाजलेल्या व्रणात बऱ्याच वर्षांनी त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. आठ महिन्यांत ही काळजी सहसा नसते, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा व्रण वीस वर्षांचा असेल. चालू कॅन्सर, गरोदरपणात पोट, गळ्यावर थायरॉइडची जागा, आणि प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं, ही लेझर टाळण्याची नेहमीची यादी आहेच. औषधांच्या चिठ्ठ्या फिजिओला दाखवा.

हे सगळं झालं लेझरचं. पण फिटनेस ज्याने वाढणार आहे त्याबद्दल कुणी तुम्हाला इतकं तपशिलात सांगितलंय का? अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनच्या भाजलेल्या मुलांच्या केंद्राने २००१ पासून दाखवून दिलंय की ४० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या मुलांना, भाजल्यानंतर सहा महिन्यांनी, बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला तर स्नायूंची ताकद आणि वस्तुमान लक्षणीय वाढतं. मोठ्यांमध्येही बारा आठवड्यांच्या ट्रेडमिलच्या कार्यक्रमाने ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढते. यात लेझर नव्हता. आठवड्यातून तीन दिवस, २० ते ४० मिनिटं चालणं किंवा सायकल, आणि सोबत वजनं. वजनाचा हिशोब असा: जे वजन तीनदा उचलता येतं पण चौथ्यांदा नाही, ते धरा. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, ते २० किलो निघालं तर सुरुवात १० ते १२ किलोने, आणि काही आठवड्यांत १६-१७ किलोपर्यंत. दर दोन-तीन आठवड्यांनी ते तीनदाचं वजन पुन्हा मोजायचं. बहुतेक ठिकाणी हेच होत नाही. पहिल्या दिवशीचं लाल थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा, रंगागणिक ताण वेगळा) तिसऱ्या महिन्यातही लालच असतं. ज्याचं ओझं वाढत नाही त्याच्या स्नायूला लेझर देऊन काय साधणार?

घोट्याला बांधायची वजनं मात्र रोपणावर नकोत, पट्टा घासून फोड येतात आणि आठवडाभर व्यायाम बंद पडतो. त्यापेक्षा लेग प्रेस, खुर्चीतून उठ-बस, पायरी.

नाडीवरून व्यायाम ठरवू नका. २२० वजा वय, म्हणजे त्याच्यासाठी १८६, हे सूत्र इथे निरुपयोगी आहे. विश्रांतीतलीच नाडी १०० च्या आसपास असू शकते, आणि नाडी मंद करणारं प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर उलट ती वर चढतच नाही. श्रम किती वाटतात ते आकड्यात सांगायच्या बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर १२ ते १४, म्हणजे ‘थोडं जड जातंय पण तुटक वाक्यांत बोलता येतंय’ इतपत, हे जास्त भरवशाचं. आणि उष्णता सांभाळा. रोपणाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी चालत नाहीत, त्यामुळे सगळा घाम उरलेल्या अंगातून निघतो आणि शरीर लवकर तापतं. खोली गार, पंखा अंगावर, पाणी जवळ. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा आला तर तिथेच थांबायचं. त्या दिवशी ‘लेझर घेतलाय, जरा जास्त करू’ असा जोर नको. लेझर उष्णतेचं काही करत नाही.

मग त्याच्या बाबतीत लेझर लागू पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? सुरू करण्याआधी तीन गोष्टी मोजा: सहा मिनिटांत किती मीटर चालतो, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठतो आणि लेग प्रेसचं तीनदाचं वजन. चालण्याची चाचणी दोनदा घ्या आणि चांगली असेल ती धरा, कारण दुसऱ्या वेळी माणूस नुसत्या सरावाने जास्त चालतो. सहा मिनिटांत दहा-बारा मीटर वाढले म्हणून हुरळून जाऊ नका. फुप्फुसांच्या रुग्णांमध्ये साधारण ३० मीटरच्या खालची वाढ फरक मानत नाहीत, इथेही तोच अंदाज ठेवायला हरकत नाही.

पण हे आकडे वाढलेच तरी श्रेय लेझरचं की व्यायामाचं, ते कळणार नाही. त्यासाठी एक युक्ती आहे, आणि अवरक्त लेझर दिसत नाही याचा इथे फायदा होतो. भावाला आधी सांगून, त्याची हरकत नसेल तर, काही दिवस प्रोब टेकवून प्रकाश बंद ठेवायचा, काही दिवस चालू. कोणत्या दिवशी काय ते फिजिओने चिठ्ठीत लिहून ठेवायचं, भावाला सांगायचं नाही, आणि रेप्स मोजणारा माणूस तिसराच असावा. यंत्राचा आवाज आणि लाल मार्गदर्शक दिवा दोन्ही दिवशी सारखा राहील इतकं बघायचं. दर वेळी ठरलेल्या वजनावर थकेपर्यंतची रेप्स लिहायची. चार-पाच आठवड्यांनी चिठ्ठी उघडून दोन्ही रकाने शेजारी ठेवा. चालू असलेल्या दिवशी रेप्स सातत्याने जास्त असतील तर लेझर चालू ठेवा. दोन्ही सारखेच असतील तर ती मिनिटं उठ-बशीला द्या. चांगला फिजिओ या प्रयोगाला नाही म्हणणार नाही.

तीन शक्यता मात्र आधी तपासून घ्या, कारण त्या असतील तर लेझरचा प्रश्नच मागे पडतो. बंद खोलीत धूर छातीत गेला होता का? गेला असेल तर जिना चढताना बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन उतरतोय का ते पाहा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन किती आहे? मोठ्या भाजण्यात ते घसरतं आणि कधी कधी नंतर कुणी तपासतच नाही. आणि पाय थरथरण्यासोबत मुंग्या, बधिरपणा, पाऊल लटकं पडणं असं काही आहे का? आयसीयूतल्या दीर्घ मुक्कामानंतर नसांचा आजार होतो, त्याची थरथर ही दमसासाची नसते, आणि तिथे न्यूरॉलॉजिस्ट लागतो. विजेने भाजलेल्यांत तर नसा आणि स्नायू दोन्ही आतून गेलेले असू शकतात, शिवाय व्यायामाआधी ईसीजी पाहावा लागतो. तुमच्याकडे आगीचं भाजणं आहे म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

उजव्या हाताबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोपर दिवसेंदिवस कमी हलत असेल, आत काहीतरी कडक लागत असेल आणि ताण दिला की दुखणं वाढत असेल, तर जोर लावून ताणू देऊ नका. भाजल्यानंतर कोपराभोवती नको तिथे हाड धरण्याचा प्रकार होतो. साध्या एक्स-रेमध्ये दिसतो. तो काढून घ्या आणि अहवाल येईपर्यंत त्या हाताला फक्त तो स्वतः हलवेल तेवढीच हालचाल.